मदत हवी आहे: २०११ची ऑटोमॅटिक गाडी, गिअरबॉक्स स्लिप मारतोय. खर्च करू की काढून टाकू? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ची पेट्रोल सेडान, चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा) ऑटोमॅटिक बॉक्स. १ लाख २६ हजार किलोमीटर झालेत. २०१६ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हापासून मी एकटीच चालवते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीने दहा वर्षं उत्तम साथ दिली आहे आणि चर्चा कंपनीवर घसरायला नको.

एक गोष्ट आधीच सांगते. लहानपणीच्या पोलिओमुळे माझा डावा पाय कमजोर आहे, क्लच दाबता येत नाही. त्यामुळे 'विका आणि चांगली मॅन्युअल घ्या' हा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. ही गाडी येईपर्यंत मला प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सोडायला लागायचं, नाहीतर रिक्षा बघावी लागायची. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी वणीला जाऊन आले ती याच गाडीने. म्हणून हिशेब नुसता रुपयांत करता येत नाहीये.

आता त्रास काय ते. इंदिरानगरहून सिन्नरला कॉलेजात शिकवायला जाते, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. साधारण दीड महिन्यापासून सकाळी डी (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही, मग एकदम धक्का देऊन निघते. गार असताना पुढे बरी चालते. शिंदे टोलनाका ओलांडेपर्यंत गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं. मोहदरी घाटात इंजिनच्या फेऱ्यांचा काटा ४००० वर आणि वेग जेमतेम चाळीस. रिव्हर्स मात्र एकदम नीट लागतो.

गेल्या गुरुवारी घाटातच गाडी बसली. डी लावला तरी पुढे जाईना. एका टेम्पोवाल्या दादांनी थांबून दोर काढला, सिन्नरपर्यंत ओढून नेतो म्हणाले. मी नको म्हटलं. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ऑटोमॅटिक ओढायची नाही, हे गाडीच्या पुस्तकात वाचलेलं होतं. दादा जरा नाराज झाले, पण माझ्यासोबत अर्धा तास उभे राहिले, पाणी दिलं. पावणेदोन तासांनी सपाट ट्रॉलीची क्रेन आली. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं याची फार चुटपुट लागली आहे.

आतापर्यंत मिळालेले आकडे असे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने २ लाख ७० हजार सांगितले, पूर्ण नवीन बॉक्स. आम्ही खोलत नाही, बदलतो, एवढंच उत्तर. ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या एका गॅरेजने खोलून ओव्हरहॉल करायचे ८५ हजार ते १ लाख १० हजार, बॉक्स उघडल्यावर नक्की सांगू म्हणाले. तिसरा पर्याय मुंबईहून काढीव (दुसऱ्या गाडीतून काढलेला) बॉक्स, ४८ हजार आणि बसवायचे १५ हजार, वॉरंटी एक महिना. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकचं म्हणणं, ऑइलला हातही लावू नका, बदललं की बॉक्स कायमचा बसेल. मी घेतल्यापासून गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. आधीच्या मालकांना सर्व्हिसवाल्यांनी हे ऑइल गाडीच्या आयुष्यभर चालतं असं सांगितलं होतं आणि त्यांनी तेच मला सांगितलं.

गाडी आत्ता विकली तर ७० हजार मिळतील, बॉक्स ठीक असता तर पावणेदोन लाखांपर्यंत. आणि येत्या ऑक्टोबरात नोंदणीची १५ वर्षं संपतात.

एवढ्या जुन्या गाडीवर लाखभर घालणं शहाणपणाचं आहे का? काढीव बॉक्स कुणी घातलाय का? आणि ऑइलबद्दल खरं काय?

गोदाकाठ
ताई, आधी दोर नाकारलात ते अगदी बरोबर केलंत. इंजिन बंद असलं की बॉक्समधला पंप फिरत नाही, म्हणजे आत तेल पोचत नाही. चाकं फिरत राहतात आणि गिअर कोरडे घासतात. उरलासुरला बॉक्स तिथेच गेला असता.
आता दोन प्रश्न. स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावला का? आणि घाटात लिव्हर '2' वर (दुसऱ्या गिअरवर) टाकून चढवून पाहिलीत का?

सिडकोकर
माझं स्पष्ट मत, विका. १५ वर्षं जुन्या गाडीत आज बॉक्स, उद्या एसीचा कंप्रेसर, परवा स्टीअरिंग रॅक. २०१८-१९ची छोटी एएमटी साडेतीन-चार लाखांत मिळते, त्यातही क्लचचं पेडल नसतं. १ लाख वाचवा, त्यात भर घाला.

धागाकर्ती
@गोदाकाठ, स्कॅन झाला होता, कागद शोधून बघितला. पी०७००, पी०७३३ आणि पी०७४१ असे तीन कोड आहेत. मेकॅनिकने ते पुसून टाकले, दोन दिवसांत परत आले. '2' वर टाकून काल इंदिरानगरच्या बोगद्याजवळच्या चढावर पाहिली, आरामात चढली.

@सिडकोकर, एएमटीचा विचार केला होता, मैत्रिणीची चालवूनही पाहिली. त्यात साधाच क्लच असतो, तो मशीन दाबतं. क्लचप्लेट झिजते, ॲक्च्युएटर बिघडतो. म्हणजे साडेतीन लाख देऊन मी कुणाच्या तरी हातून आलेला, माहिती नसलेला दुसरा बॉक्स घेणार. या गाडीचं निदान मला सगळं माहीत आहे. इंजिन ऑइल दर सात हजार किलोमीटरला बदललंय, टायमिंगचं काम झालंय, पत्र्याला कुठे गंज नाही.

गोदाकाठ
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. मी २२ वर्षं अंबडला गाड्यांचंच काम केलं, त्यातली शेवटची काही ऑटोमॅटिकवर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पी०७०० ला स्वतःचा काही अर्थ नाही. गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी तक्रार आहे, एवढंच तो इंजिनच्या कंप्युटरला कळवतो. पी०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचा हिशेब जुळत नाही. आत जाणारे फेरे आणि बाहेर येणारे फेरे यांचं ठरलेलं प्रमाण चुकतंय, म्हणजे तिसरा घसरतोय. पी०७४१ कन्व्हर्टरच्या लॉक-अपचा. साध्या भाषेत, कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि बॉक्स तेलातून जोडलेले असतात, आणि सपाट रस्त्यावर वेग धरला की एक क्लच लागून दोघं घट्ट बांधले जातात. तो लागत नाहीये. तुम्हाला हायवेला ॲव्हरेज कमी झाल्याचं जाणवलं असेल.

दुसऱ्यात चढ चढते आणि रिव्हर्स नीट आहे, म्हणजे पंप जिवंत आहे. पंप गेला असता तर सगळेच गिअर गेले असते. गार असताना बरी, गरम झाली की स्लिप, हे सील कडक झाल्याचं लक्षण. गरम तेल पातळ होतं, कडक झालेल्या रबराच्या बाजूने निसटतं, क्लच दाबायला लागणारं प्रेशर तयार होत नाही. मग फ्रिक्शन प्लेटा (क्लचमधल्या पकड धरणाऱ्या चकत्या) घसरतात, घसरल्या की जळतात, जळल्या की तेल आणखी खराब. सकाळचा उशीर आणि मग धक्का, तोही बहुधा त्याच घरातला.

आता ऑइल. तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नाही, त्याने तसं घडताना पाहिलेलं असणार. पण कारण उलटं आहे. लोक ऑइल बदलायला येतात तेच बॉक्स घसरायला लागल्यावर. प्लेटा आधीच संपलेल्या असतात, जुन्या तेलातल्या त्यांच्याच भुकटीने थोडीफार पकड टिकलेली असते. नवीन तेल टाकलं की ती जाते आणि दोष नव्या तेलाला लागतो. आयुष्यभर चालणारं तेल नसतं. ५०-६० हजार किलोमीटरला बदललं असतं तर आज आपण हे बोलत नसतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यात तुमची चूक नाही.

पैसे घालण्याआधी एक करा. चेंबर (बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडून बघायला सांगा, त्याला हजार-दोन हजारांच्या वर लागू नयेत. डिपस्टिकचं तेल पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर असेल तर आनंद. काळपट आणि करपल्याचा वास असेल तर प्लेटा गेल्या. गुलाबी मिल्कशेकसारखं असेल तर रेडिएटरमधून पाणी शिरलंय, मग विषयच वेगळा. चेंबरच्या लोहचुंबकावर राखाडी मऊ लेप असतोच, त्याला घाबरू नका. कापलेल्या नखासारखे धातूचे तुकडे दिसले तर मात्र बॉक्सच्या पोटात मोठं नुकसान आहे, मग ८५ हजारांत ते बसणार नाही.

आणि तोपर्यंत घाट बंद. अगदीच जावं लागलं तर '2' वर, हळू.

जेलरोड१५
काढीव बॉक्सचं मी सांगतो. वडिलांच्या गाडीला कुर्ल्याहून आणून घातला होता. आठ महिने सोन्यासारखा चालला, मग तेच दुखणं. काढीव बॉक्स अपघातातल्या गाडीचा असेल तर नशीब, पण एखाद्याने आपला बिघडलेला बॉक्स काढूनही तिथेच विकलेला असतो. उघडून दाखवत नाहीत. वॉरंटी महिन्याची असते आणि बॉक्स परत न्यायचं भाडं आपलं.
काम काढायच्या आधी इंजिनची फाउंडेशनंही (ज्या रबरांवर इंजिन बसवलेलं असतं ती) बघून घ्या. आमच्या गाडीत निम्मे धक्के फाटलेल्या फाउंडेशनचे होते. तुमच्याकडे कोड आहेत म्हणजे फक्त ते नाही, पण बॉक्स उतरवलाच आहे तर तेव्हाच बदलून टाका.

पेठरोड
नोंदणीचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. १५ वर्षांनंतर पासिंग करून पुढे पाच वर्षांची मुदत मिळते. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांत करता येतो. एप्रिल २०२२ पासून कारची नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. ते सगळं धरा. पण मोठी गोष्ट ही की लाखभर खर्च पाच वर्षांवर वाटून बघा. वर्षाला वीस हजार. ताई रोज साठ किलोमीटर रिक्षाने किंवा कॅबने गेल्या तर तेवढे दोन महिन्यांत जातील.
फक्त क्रम असा ठेवा: आधी इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि खालचा पत्रा तपासून घ्या. गाडी पासिंगला उभी राहणारच नसेल तर बॉक्सवर रुपया घालू नका.

सिडकोकर
माझं मत मी थोडं मागे घेतो. इंजिनची निगा इतकी राखली असेल आणि पाच वर्षं नक्की वापरणार असाल तर ओव्हरहॉल. वर्षभरात विकायची असेल तर मात्र अजूनही नको, लावलेले पैसे गिऱ्हाईक देत नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी ऑटोमॅटिकवाल्यांकडे चेंबर उघडून घेतलं, समोर बसून. क्रेनने नेली, १८०० गेले, पण चालवत नेण्याची हिंमत झाली नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, त्या गर्दीत डी लागला नसता तर मागच्यांनी हॉर्नने जीव घेतला असता.

टिश्यूवरचं तेल जवळपास काळं होतं, करपलेला वास आला. चुंबकावर जाड राखाडी लेप, पण तुकडे नाहीत. तळाशी काळी बारीक भुकटी पुष्कळ. तिथले काका म्हणाले, प्लेटा गेल्यात, गिअर वाचलेत. गुरुवारी गाडी पूर्ण बसण्याआधी आला असतात तरी काम हेच निघालं असतं, म्हणाले. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण दीड महिना चालढकल केल्याचं मनाला लागून होतं.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं आलं. खालचा पत्रा साफ. फाउंडेशन एक फाटलंय. एकूण अंदाज ९६ हजार, फाउंडेशन धरून. काम दहा-बारा दिवस.

मी करायचं ठरवलंय. नवीन सगळ्यात लहान ऑटोमॅटिकसुद्धा रस्त्यावर यायला याच्या कितीतरी पट पैसे लागतात आणि घराचा हप्ता चालू असताना मला ते आत्ता झेपणार नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशनही पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा तिला आणणं-नेणं माझ्याकडेच. एक शेवटचं विचारते: बिलावर काय काय लिहून घेऊ? नंतर 'ते आमच्या कामात नव्हतं' असं ऐकायची वेळ येऊ नये.

गोदाकाठ
चांगला निर्णय. चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या, 'गिअरबॉक्स काम' अशी एक ओळ चालवू नका. एक, सगळ्या फ्रिक्शन प्लेटांचा संच, फक्त तिसऱ्याच्या नाही. दुसऱ्याच्याही तेवढ्याच जुन्या आहेत. दोन, पूर्ण सील किट. तीन, कन्व्हर्टर: कापून लॉक-अपचा क्लच बदलून परत जोडून देणार की तसाच बसवणार? तुमच्याकडे पी०७४१ आहे, तसाच बसवू देऊ नका. चार, तेलाचा कूलर आणि त्याचे पाइप फ्लश करणं. हे लोक हमखास विसरतात आणि जुनी भुकटी तिथून सुटून नव्या बॉक्सात जाते. व्हॉल्व्ह बॉडी (तेल कुठल्या क्लचकडे जायचं ते ठरवणारा भाग) उघडून साफ करतील, त्यात लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) तपासून घ्या, बदलायचा असेल तर आत्ताच.
तेल कुठलं टाकणार तेही लिहून घ्या. गाडीच्या पुस्तकात जी ग्रेड दिलीय तीच. 'सगळ्याला चालतं' असं सांगून कुठलंही तेल टाकू देऊ नका. जुन्या प्लेटा आणि सील पिशवीत घालून मागा. वॉरंटी सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर तरी असावी.
आणि पहिले हजार किलोमीटर झाले की तेल एकदा बदला. पहिल्या झिजेची बारीक भुकटी त्यात निघून जाते. चेंबरच्या नटातून सोडलं तर निम्म्याहून कमी तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे हे काम महागडं नाही.

धागाकर्ती
हे सगळं वहीत उतरवून घेतलं. सोमवारी सकाळी कागद घेऊनच जाते. प्लेटा पिशवीत आणते, फोटो इथे टाकेन.
आणि कुणाला सिन्नर रस्त्यावर एमएच-१५चा निळा टेम्पो चालवणारे, मागे कांद्याच्या गोण्या असलेले दादा माहीत असतील, तर त्यांना सांगा की त्या दिवशी घाटात थांबलेल्या ताई सुखरूप घरी पोचल्या.