मणक्यात इंजेक्शन दिल्यापासून आईला बरं वाटत नाहीये, हे नॉर्मल आहे का?

सांगलीकर_पोरगी:
आई ६१ वर्षांची, शुगर आहे. एल४-एल५ ची गादी सरकलीये, पायात कळ मारते म्हणून मंगळवारी मणक्यात स्टेरॉईड दिलं, ते एपिड्युरल का काय ते, आणि संध्याकाळी घरी सोडलं. बुधवारपासून चेहरा लालबुंद, भाकऱ्या थापून उठल्यासारखा, झोप नाही, रात्री दोनला उठून डबे पुसत बसते. आज उपाशीपोटी शुगर २८६, एरवी १४० च्या आत असते. वर कंबर पहिल्यापेक्षा जास्त दुखते म्हणते. दवाखान्यात फोन केला तर "होतं असं" म्हणून ठेवून दिला. कशामुळे होतंय हे?

निवांत_नाना:
मला गेल्या वर्षी दिलेलं. तोंड लाल दोन दिवस, झोपेची तीच बोंब, आणि तीन दिवस कंबर अशी ठणकली की वाटलं उगाच पैसे घातले. पाचव्या दिवशी पायाची कळ कमी झाली. तिथं भूल पण घालतात ना, ती उतरली की आधी दुखणं वर येतं, स्टेरॉईडला काम करायला वेळ लागतो.

वॉर्डातली_ताई:
नाना बरोबर बोलतायत. इंजेक्शन मणक्यात दिलं तरी औषध थोडं रक्तात जातंच, म्हणून चेहरा, झोप, शुगर, कधी बीपी पण. शुगर काही दिवस चढी राहू शकते, दिवसातून तीन-चारदा तपासा आणि आकडे लिहून शुगरच्या डॉक्टरांना दाखवा, गोळी मनाने वाढवू नका. पण डोकं दुखतंय का ते सांगा. ताप, मान ताठ, पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही असेल तर इथं विचारत बसू नका, रात्र असली तरी न्या.

मालवणी_मामा:
स्टेरॉईड म्हणजे वीष. तेल कोमट करून कंबर चोळा, दोन दिवसात चालतील.

वॉर्डातली_ताई:
मामा, जिथं सुई घातलीये तिथं आत्ता चोळायचं नसतं हो.

सांगलीकर_पोरगी:
ताई, डोकं दुखतंय!! देवपूजेला बसली की ठणकतं, आडवी झाली की थांबतं, आम्हाला वाटलं जागरणामुळे.

वॉर्डातली_ताई:
मग ते जागरण नसावं. सुई कधी कधी आतल्या पडद्याला लागते, तिथून मणक्यातलं पाणी झिरपतं, म्हणून बसलं की दुखतं आणि झोपलं की थांबतं. आजच परत फोन करा आणि हेच शब्द सांगा, नुसतं "डोकं दुखतंय" म्हणू नका. बऱ्याचदा आडवं राहून, पाणी-चहा घेऊन थांबतं, नाहीतर हातातलं रक्त काढून त्याच जागी सोडतात, ब्लड पॅच म्हणतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

सांगलीकर_पोरगी:
सांगितलं तसं, लगेच बोलावलंय. भावाच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी करून नेतोय, आई म्हणते देवपूजा अर्धीच राहिली.