आईच्या खुब्याचं ऑपरेशन: पुढून की मागून?

पेठेतली_लेक:
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, उजवा खुबा पार झिजलाय, सांधा बदलायचं ऑपरेशन सांगितलंय, एक्सरेमधे गोळा आणि वाटीमधली फटच दिसत नाही. घर सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे ती खाली उतरायलाच घाबरते, तुळशीबाग तर लांबच राहिली. एक डॉक्टर म्हणतात अँटेरिअर करू, म्हणजे पुढून, स्नायू कापत नाहीत, लगेच चालायला लागतील. दुसरे म्हणतात माझा हात मागून बसलाय, मी मागूनच करणार. आईला शुगर आहे, वजन जास्त आहे, पोटही सुटलंय. पुढून करून घेतलेल्यांना नंतर काय त्रास झाला ते स्पष्ट सांगा प्लीज, फार टेन्शन आलंय.

सिंहगडरोडकर:
ताई, माझं पुढून झालंय. त्याच संध्याकाळी वॉकर धरून उभं केलं आणि दुखणं वाटलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पण मांडीची बाहेरची बाजू अजून बधिर आहे. खिशात मोबाईल व्हायब्रेट झाला तरी त्या पायाला पत्ता लागत नाही, आणि पावसाळ्यात ओली पँट चिकटली की मुंग्या येतात. त्वचेच्या संवेदनेची एक नस चिरेच्या अगदी जवळून जाते, ती ताणली जाते म्हणून हे होतं. चालण्याच्या ताकदीला काही होत नाही, बऱ्याच जणांचं काही महिन्यांत कमी होतं, काहींचं राहतं. मला हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही.

फिजिओ_कोथरूड:
मी असे पेशंट रोज चालवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन स्नायूंच्या मधून वाट काढतात हे खरं, पण काहीच कापत नाहीत असं नाही, सांध्याभोवतीचं आवरण सोडवावंच लागतं. खरी कसरत मांडीच्या हाडात नव्या सांध्याचा दांडा बसवताना असते, पुढून त्या हाडाचं तोंड नीट दिसत नाही, ते वर उचलून घ्यावं लागतं आणि तिथेच तडा जाण्याची भीती. या पद्धतीवर हात बसायला साधारण ५० ते १०० ऑपरेशन्स लागतात असं मानतात आणि तडे त्या काळात जास्त जातात. फायदा आहेच, पेशंट उताणा असल्यामुळे दोन्ही पायांची लांबी टेबलावरच ताडून बघता येते आणि पहिले काही आठवडे काठी लवकर सुटते. पण वर्षभराने बघाल तर दोन्हीकडचे पेशंट जवळपास सारखेच चालतात.
तुमच्या आईंच्या बाबतीत मला काळजी जखमेची वाटते. चीर जांघेजवळ, त्यावर पोटाची घडी, त्यात घाम आणि शुगर, जखम चिघळायला एवढं पुरतं.

वारजेकर:
सासऱ्यांचं मागून झालं. खाली बसायचं नाही, पायावर पाय नाही, झोपताना मधे उशी, रिक्षाची सीट खोल म्हणून रिक्षासुद्धा बंद, कारण मागून केलं की वाकल्यावर सांधा निखळायची भीती जास्त. हल्ली मागचं आवरण आणि स्नायू परत शिवतात त्यामुळे ते प्रमाण बरंच कमी झालंय. आता सारसबागेत रोज फेरी असते. आणि सांधा किती टिकेल म्हणाल तर २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आकड्यांत साधारण ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकलेले होते.

पेठेतली_लेक:
खूप आभार सगळ्यांचे! मग डॉक्टरांना नेमकं काय विचारू? आणि जिन्याचं कसं करायचं?

फिजिओ_कोथरूड:
आतापर्यंत पुढून किती केलीत, किती जणांचं हाड तडकलं, कितींना परत उघडावं लागलं, हे सरळ विचारा, चांगला सर्जन चिडत नाही. ज्यांचा हात ज्या वाटेने बसलाय त्यांच्याकडून त्याच वाटेने करून घ्या, माझं मत विचाराल तर हेच. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या, बरेच जण साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय तारीख देत नाहीत. जांघेत चट्टे किंवा खाज असेल, दात किडलेला असेल तर ते आधी बरं करायचं, नाहीतर इन्फेक्शन नव्या सांध्यात जाऊ शकतं. घरी आल्यावर जखमेतून पाणी यायला लागलं किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर फोनवर सल्ला घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मधेच बंद करू नका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, एका हाताने कठडा धरून. हे ऑपरेशनच्या आधीच आईंकडून घरच्या जिन्यावर करून घ्या.