खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचाय : जास्त उजेड की चांगला फोकस? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोन असताना कॅमेरा कशाला, हे घरच्यांनी विचारून झालंय. तेवढं सोडून काहीही सांगा.

उन्हातल्या फोटोंसाठी फोन उत्तम, तक्रार नाही. घोडं अडतं ते संध्याकाळी घरात. दिवे लागलेले आणि मुलगी एका जागी ठरत नाही. फोनमध्ये गाल मेणासारखे गुळगुळीत, भुवया एकसलग काळ्या, हलत्या हाताच्या जागी नुसता फराटा. म्हणून वेगळा कॅमेरा, पण जॅकेटच्या खिशात राहणारा. मिररलेस (लेन्स बदलता येणारा, मोठा) घेतला तर तो कपाटातच राहील, मी स्वतःला ओळखून आहे.

१/२.३ इंची सेन्सरवाले (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) कॉम्पॅक्ट आधीच बाद केलेत, झूम कितीही असो. एक इंची सेन्सर (इंच नुसतं नावाला) १३.२ × ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ त्यांच्या साधारण चौपट. त्यात दोन उरलेत, दोन्ही २०१९ चे. सोनी आरएक्स१०० मार्क ७ : २४-२०० मिमी (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), एफ २.८ ते ४.५ (आकडा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त), व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) वर येतो. कॅनन जी७एक्स मार्क ३ : २४-१०० मिमी, एफ १.८ ते २.८, व्ह्यूफाइंडर नाही. रिको जीआर ३ चा सेन्सर याहून मोठा, एपीएस-सी आकाराचा, पण झूमही नाही आणि फ्लॅशही नाही. रोजच्या वापराला ते जमेल असं वाटत नाही.

आता खरी अडचण. २४ मिमीला कॅननची लेन्स सोनीच्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. सोनीला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० लागेल तिथे कॅननचं १२५०-१३०० मध्ये भागावं. पण सोनीत फेज डिटेक्शन फोकस आहे (कुठे सरकायचं ते थेट कळतं, म्हणून चपळ), कॅननमध्ये फक्त कॉन्ट्रास्टवर चालणारा (पुढे-मागे चाचपडत जुळणारा). घरातल्या उजेडात पळणारं मूल टिपायला यातलं काय जास्त कामाचं? व्हिडिओशी मला देणंघेणं नाही.

प्रतिसाद १
सोनी घ्या. दाणे आलेला फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मधून बराच सावरता येतो, फोकस कानावर गेलेला फोटो कशानेच सावरत नाही. फक्त कॅमेरा ऑटोवर सोडू नका, शटर १/६० सेकंदावर येऊन बसतं आणि परत तोच फराटा. शटर प्रायॉरिटीत (शटरचा वेग आपण ठरवायचा ती सेटिंग) १/२५० ठेवा, आयएसओ ऑटो. स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर राहू नका. ते तुमच्या हाताचं कंपन सावरतं, मुलीची पळापळ नाही.

प्रतिसाद २
इतकं सरळ नाही हो. चेहऱ्याचे फोटो २४ मिमीला कोण काढतं? जवळ गेलं की नाक मोठं दिसतं. सत्तर-शंभरच्या आसपास काढणार असाल तर तुलना तिथली करा. कॅनन १०० ला एफ २.८ वरच असतो, सोनीच्या लेन्सचं तोंड तोवर बरंच बारीक झालेलं. मूल बसून चित्र काढतंय, जेवतंय, असे फोटो जास्त असतील तर मी कॅनन घेईन. दुकानात जाल तेव्हा स्वतःचं कार्ड न्या, कुणाला तरी तुमच्याकडे चालत यायला सांगा, सलग फोटो घ्या आणि घरी येऊन डोळे शंभर टक्के मोठे करून बघा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. आणि कुठलाही घ्या, एक बॅटरी जादा हवीच. खिशात मऊ पाउचही हवं, लेन्स आत-बाहेर होताना धूळ आत जाते.

धागाकर्ता
दोघांचे आभार. फोनमधले जुने फोटो चाळले, बसलेले फारच थोडे, बहुतेक पळतानाचेच. त्यामुळे कल सोनीकडे आहे, पण कार्ड घेऊन दोन्ही बघून येतो. आयएसओ ऑटो ठेवताना वरची मर्यादा किती घालायची? ६४०० पर्यंतचे फोटो छापण्याजोगे येतात का?