शब्दचर्चा : ब्रँडी ‘तरुण’, ‘कोवळी’ की ‘नवी’?

प्रश्न :
नमस्कार. फ्रान्सच्या गॅस्कनी भागातल्या आर्मान्याक ब्रँडीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘ब्लांश’चं, म्हणजे लाकडाचा स्पर्शही न झालेल्या पांढऱ्या आर्मान्याकचं वर्णन आहे. मूळ लेखात तिला ‘तरुण’ म्हटलंय. ‘तरुण ब्रँडी’ वाचताना मीच अडखळते. ‘कोवळी’ लिहिलं, मग ‘कच्ची’ लिहिलं, दोन्ही खोडलं. आणि ब्रँडीला ‘द्राक्षासव’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद :
द्राक्षासव नको, ताई. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं आंबवून होतात, भट्टीवर चढत नाहीत. द्राक्षासव फार तर वाइनच्या जवळचं. वाइन उकळून तिची वाफ थंड केली की जे मिळतं, त्याला आपल्याकडे ‘अर्क’ हा शब्द आहे. तो अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ घाम. भांड्यावर जमणारे थेंब डोळ्यांसमोर आणा, म्हणजे शब्द किती नेमका आहे ते कळेल. गोव्याचं ‘उर्राक’ याच घरातलं. गोंधळ एवढाच की सरकारी मराठीत ‘आसवनी’ म्हणजे ऊर्ध्वपातनाचा कारखाना, त्यामुळे ‘आसव’ही उकळून होतं असं वाटतं.

‘ब्रँडी’ मात्र ठेवा, पण पहिल्याच उल्लेखात ‘द्राक्षाची’ हे विशेषण जोडा. आपल्या घरांत ब्रँडी म्हणजे खोकल्याला चमचाभर आणि थंडीत छातीला चोळायला कपाटात ठेवलेली बाटली, आणि भारतात ब्रँडी म्हणून विकलं जाणारं बरंचसं पेय मळीच्या मद्यार्कापासून बनतं. तुमच्या लेखातली निव्वळ वाइनची आहे. फ्रेंच लोक तिला ‘ओ-द-व्ही’ म्हणतात, म्हणजे जीवनाचं पाणी. याचं ‘जीवनजल’ करायचा मोह होतो, पण संस्कृतात ‘जीवन’ म्हणजेच पाणी. पाण्याचं पाणी होईल!

आता ‘तरुण’. ‘कोवळी’ मला पटत नाही. कोवळं ऊन सोसवतं, कोवळी काकडी दाताखाली गोड लागते. ही ब्रँडी तशी नाही. टुलूझला राहत असताना एका मित्राने ब्लांश दिली होती. पेला नाकाशी नेला तर आधी टोचलं. मग त्याने दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले आणि म्हणाला, चोळ. मद्यार्क उडून गेल्यावर हाताला पिकलेल्या नासपतीचा आणि पांढऱ्या फुलांचा वास राहिला, तो बराच वेळ टिकला. झोंबणं आणि सुगंध दोन्ही एकदम, हाच तिचा स्वभाव.

तो स्वभाव भट्टीतून येतो. गॅस्कनीत उन्यी ब्लां, फोल ब्लांश, बाको, कोलोंबार या द्राक्षांची आंबटढाण, कमी मद्यार्काची वाइन करतात आणि तिच्यात गंधक घालत नाहीत, कारण उकळताना तो वासही ब्रँडीत उतरेल. कोन्याक या फ्रान्सच्याच दुसऱ्या ब्रँडीची वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा उकळतात, शेवटी 70 टक्क्यांच्या आसपास मद्यार्काची धार पडते. आर्मान्याकची पारंपरिक भट्टी उभी आणि अखंड चालणारी. वरून वाइन एकेका ताटलीवरून खाली उतरते, खालून वाफ तिच्यातून बुडबुडत वर चढते. धार साधारण 52 ते 60 टक्क्यांची असते. जितकी कमी तीव्रता, तितके वाइनमधले जड घटक ब्रँडीत जास्त उतरतात. म्हणून ती नवी असताना खरखरीत लागते आणि म्हणूनच इतकी सुवासिकही असते. पूर्वी ही भट्टी चाकांवर घालून हिवाळ्यात एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात नेत. काही ठिकाणी अजून नेतात.

दुसरा प्रतिसाद :
आमच्या कोकणात जोरकस दारूला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात. तो शब्द का नको?

प्रतिसाद :
दादा, शब्द फार जिवंत आहे, पण इथे फसवेल. आपल्याकडे पहिली धार कडक म्हणून तिचं कौतुक. कोन्याकच्या दुसऱ्या उकळीत पहिल्या वाफेला ‘डोकं’ म्हणतात आणि ते वेगळं काढतात. ठेवतात ते मधलं ‘काळीज’. वर्णनात ‘धार’ जरूर वापरा, ‘पहिल्या धारेची’ हे विशेषण नको.

माझं मत ‘नवी’ला आहे. तांदळाचं पाहा. भाताला जुना तांदूळ हवा, पण मोदकाची उकड नव्या तांदळाची चिकट आणि मऊ होते. नवा तांदूळ म्हणजे अर्धवट राहिलेला जुना तांदूळ नव्हे, त्याचं काम वेगळं. ब्लांशचंही तसंच. 2005 पासून तिला स्वतंत्र मान्यता आहे. निदान तीन महिने ती चवीवर परिणाम न करणाऱ्या भांड्यात निवते, हळूहळू पाणी घालून सौम्य होते आणि तशीच पारदर्शक बाटलीत जाते. ती पुरी झालेली आहे, म्हणून ‘कच्ची’ म्हणणं अन्यायाचं.

ओकच्या पिंपात जाते तिच्यासाठी ‘मुरणे’. लोणचं मुरतं तसंच. काळाबरोबर तिखटपणा आत जिरतो, लाकडाचा रंग आणि व्हॅनिलासारखा वास बाहेर येतो. (‘पिंप’ही पोर्तुगीजांच्या ‘पिपा’वरून आलेलं, तेही वाइनचंच पिंप.)

मूळ प्रश्न विचारणारी :
मनापासून आभार. मग हे कसं वाटतं : ‘ब्लांश ही लाकडात न मुरलेली, नवी द्राक्षाची ब्रँडी.’ आणि बाटलीवर ‘व्हीएस’ लिहिलेलं, वर्षभर तरी ओकमध्ये राहिलेलं आर्मान्याक? तेही नवंच ना?

प्रतिसाद :
‘नवी’ची जागा तेवढी बदला. ‘नवी द्राक्षाची’ लिहिलं तर वाचणारा द्राक्षं नवी समजेल. ‘लाकडात न मुरलेली द्राक्षाची नवी ब्रँडी’ करा. व्हीएसला ‘नुकती मुरू लागलेली’. वर्षभराच्या लोणच्याला आपण मुरलेलं म्हणतो, पण ब्रँडी दहा-दहा, वीस-वीस वर्षं पिंपात राहते. तिच्या हिशेबात फोड अजून करकरीतच आहे.