मदत हवी आहे: बाबांचा कलमाचा चाकू घडीचा करायचाय, पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) न उतरवता भोक कसं पाडू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. बाबा काटोलकडे संत्र्याच्या रोपवाटिकेत डोळे भरतात, म्हणजे कलमं बांधतात. त्यांचा चाकू सरळ पात्याचा, लोहाराने जुन्या करवतीतून काढलेला. पातं 7 सेंमी, जाडी जेमतेम 2 मिमी, मुठीतली शेपटी 6 सेंमी. तो फडक्यात गुंडाळून खिशात ठेवतात. मागच्या महिन्यात गाडीवर बसताना फडकं सुटलं आणि मांडीला चार टाके पडले. नवा घेऊन देतो म्हटलं तर म्हणाले, "नवा नको मले. माह्या हाताले हाच समजते."

खरंच आहे ते. जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचा डोळा बसवतात त्या रोपाच्या) कोवळ्या खोडावर काप घ्यायचा तो सालीपुरताच, आणि ते माप त्यांच्या अंगठ्यात बसलंय. म्हणून पातं तेच ठेवून मूठ बदलायची. पुठ्ठ्याचं पातं टाचणीवर फिरवून पाहिलं. पातं ज्यावर फिरणार त्या खिळीची जागा दोन मिमी सरकली तरी मिटल्यावर टोक बाहेर डोकावतं. इतवारीतून खिळीसाठी 4 मिमीची पितळी सळई आणली, मुठीला घरचं सागवान आहे.

अडलंय भोकापाशी. शेपटीवर साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल लावलं तर ते किंचाळत नुसतं घासत राहिलं. बिटाचं टोक गेलं, शेपटीवर चकचकीत खळगा उरला आणि भोवती निळी झाक आली. निळं म्हणजे साधारण 300 अंश. हा रंग धारेपर्यंत गेला असता तर पाणीच उतरलं असतं. जीव खालीवर झाला.

आता पातं पाण्यात बुडवून, वर राहिलेली शेपटी गॅस टॉर्चने लाल करून मऊ करावी का? की पाण्यामुळे ती लवकर गार होऊन पुन्हा कडकच राहील? कार्बाइड बिट कडक पोलाद कापतं, पण ते ठिसूळ असतं आणि माझ्याकडे हातातलं ड्रिल आहे, स्टँड नाही.

दुसरं, काप घेताना धारेवर दाब येतो, त्याने पातं उघडंच राहतं. पण टोकाने साल उचकताना जोर उलटा पडला तर ते बोटांवर मिटेल. पाठीला स्प्रिंगची पट्टी पुरेल का, की आतून अडवणारं लॉकच हवं? पट्टीला कुठलं पोलाद घेऊ? बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू मात्र नको, पोलिसांनी अडवलं तर बाबांना उगाच त्रास.

तोवर जाड चामड्याचं म्यान शिवून दिलंय. नागपुरात एका भोकासाठी मशीन लावून देणारं छोटं वर्कशॉप कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.