मदत हवी आहे: मालवणी अनियतकालिकाची छपाई आणि टपाल

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळच्या आमच्या गावात ग्रंथालयात जमणारे आम्ही अकरा जण मालवणीत एक अनियतकालिक काढतो. पहिले दोन अंक झेरॉक्सवर निघाले, प्रत्येकी ८० प्रती. धयकाल्यात (म्हणजे दशावतारी नाटकात) उभी हयात गेलेल्या कलाकारांच्या आठवणी, शेतीतले मागे पडत चाललेले शब्द आणि बायकांनी स्वतः लिहिलेले अनुभव, असा मजकूर असतो. जत्रेत खाजाच्या दुकानाशेजारी टेबल मांडून आम्ही अंक विकतो. तिसरा अंक ४० पानांचा आहे. ३०० प्रती गणपतीआधी हातात हव्यात, कारण चाकरमानी गावात असतात ते तेवढेच दिवस.

खरी अडचण अक्षरांची आहे. मजकूर आम्ही युनिकोडमध्ये टाइप केला होता. प्रेसमध्ये तो त्यांच्या जुन्या फाँटात बदलून घेतला आणि प्रूफात ‘किनाऱ्यार’चं ‘किनार्यार’ झालं, तेही पानोपानी. हा अर्धा र गेला की शब्दाचा उच्चारच बदलतो. ज्या आजोबांची मुलाखत आहे त्यांनी भिंग लावून अर्धं पान वाचलं आणि म्हणाले, "ह्या माझा बोलणा न्हय." तेव्हापासून काम थांबवलंय. दुसरीकडे छापायचं तर फाईल कशी द्यावी?

दुसरं टपालाचं. साधारण १२० प्रती मुंबई-ठाण्याला जातात. ज्ञानपोस्टमध्ये (टपाल खात्याची पुस्तकं-छापील साहित्यासाठीची स्वस्त सेवा) ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये (अधिक कर) लागतात, आणि आमचा अंक साठ ग्रॅमही भरणार नाही. पण जाहिराती असलेलं छापील साहित्य त्यात चालत नाही, आणि आमचा कागदाचा खर्च निघतो तो वाणी आणि गणपतीच्या चित्रशाळांच्या जाहिरातींवरच. कुणी यातून वाट काढली आहे का?

अशा अंकाची सरकारकडे नोंदणी लागते का, तेही सांगा.

प्रतिसाद:

फाँट बदलायला मजकूर देऊच नका. पानं तुम्हीच लावा आणि फाँट एम्बेड केलेली (म्हणजे फाईलमध्येच घातलेली) पीडीएफ द्या, म्हणजे प्रेसला अक्षराला हात लावावा लागत नाही. पानं लावायचं इनडिझाइन सॉफ्टवेअर असेल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. त्याच कामाचं स्क्रायबस फुकट आहे, नवी आवृत्ती देवनागरी नीट जुळवते. मुक्ता फाँटही फुकट मिळतो. ३०० प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटचा खर्च कशाला, डिजिटलवरच काढा. ४० पानं चारच्या पटीत आहेत, मधोमध पिन मारता येईल.

नोंदणीबद्दल: १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिक कायद्यात व्याख्या आहे ती नियमित अंतराने निघणाऱ्या, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणाऱ्या प्रकाशनाची. तुमचा अंक त्यात बसेलसं वाटत नाही, तरी अंकावर ठराविक वारंवारिता छापू नका.

जाहिराती सुट्या पानावर छापा आणि गावात विकायच्या प्रतींत सरकवा. टपालाच्या प्रतींत नको. जाहिरातदारांना मात्र हे आधी सांगा. आणि १२० प्रती टपालाने कशाला? गणपतीनंतर परतणाऱ्यांकडे दहा-दहांचे गठ्ठे द्या, मुंबईतल्या तुमच्या ग्रामस्थ मंडळाकडून वाटप होईल. टपाल उरलेल्यांपुरतं.

छपाईआधी ऱ्य, ऱ्ह असलेले सगळे शब्द एका पानावर घेऊन त्याच मशीनवर कागदी प्रूफ काढा. स्क्रीनवर बघून हो म्हणू नका.