सुट्टीसाठी मास्तर होतात म्हणे!

खानापूरचा मास्तर
काल इथं एकानं लिहिलं, ज्याला दुसरं काय जमत नाही तो डीएड करतो, दोन महिने सुट्टी, पगार फिक्स, चार वाजले की घरी. वर त्याला लाईक पण भरपूर. मग ऐका. हो, मी नोकरी लागते म्हणूनच डीएडला गेलो. घरची शेती पावसावर, बहीण लग्नाची, आमच्या बेळगावकडच्या गावात महिन्याचा पगार म्हंजे मास्तरकी नाहीतर मिलिटरी. पण मास्तर कशासाठी आला यावर काय ठरत नाही, वर्गात रोज काय करतो त्यावर ठरतं. चौथीत एक पोरगी होती, ४०२ वजा १७८ दिलं की ३७६ लिहायची, दरवेळी. सगळे म्हणायचे लक्ष नाही. मी म्हटलं, मोठ्यानं बोलत कर बघू. म्हणाली, दोनातनं आठ जात नाहीत म्हणून आठातनं दोन काढले. म्हणजे तिचा एक नियम होता आणि ती तो नीट पाळत होती! मग काड्यांचे गठ्ठे घेतले, शंभरचा एक सोडून दहा-दहाचे केले, त्यातला एक सोडून सुट्या केल्या, २२४ तिनं स्वतः मोजून काढले. याला वही बघायला लागते, पोराला बोलू द्यायला लागतं. चुकीवर नुसती लाल रेघ मारून हे कळत नाही.

निपाणीकर
ती पोस्ट माझी, आणि मी मागं घेणार नाही. तुम्ही काड्या आणल्या, सगळे आणतात काय? आमचे एक सर फळ्यावर उदाहरण लिहून व्हरांड्यात जायचे, फोनवर प्लॉटचे व्यवहार. मला आजपण अपूर्णांक म्हटलं की घाम फुटतो. नाइलाजानं आलेला माणूस असाच वागणार. आणि सर, एक विचारतो, तुमची पोरं कुठं शिकतात? सरकारी मराठी शाळेत का इंग्लिश मीडियमला?

वडगावची ताई
सुट्टीचं बोलणाऱ्यांनी जरा अतिथी शिक्षकांना विचारा. उन्हाळ्यात आम्हाला मानधनच नसतं, जूनमध्ये परत घेतील का नाही तेही माहीत नाही. संसार सांभाळून जमेल म्हणून सासरच्यांनी बीएड करू दिलं, माझं कारण एवढंच. तरी वर्ग घेते ना? २०२५ च्या दसऱ्यात कायम शिक्षक कर्नाटक सरकारच्या जातीच्या सर्व्हेला घरोघर फिरत होते, सुट्टी वाढली ती त्यासाठी. मग अभ्यास मागं पडला की बोलणी शिक्षकालाच.

खानापूरचा मास्तर
माझी मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, लपवत नाही. पुढं सायन्स इंग्रजीत करावं लागणार ही घरच्यांची भीती. त्यानं माझ्या वर्गातलं शिकवणं कसं कमी झालं ते सांगा.

शहापूरचा
कमी झालं! मास्तरांचीच पोरं बसनं इंग्लिश शाळेत जाताना बघितली की गाववाले पण तेच करतात, पट घटतो, मग शिक्षक कमी, मग दोन वर्ग एकत्र. त्यात वरनं परिपत्रक कन्नडमधनं, ट्रेनिंग कन्नडमधनं. १९५६ ला आमचा मराठी भाग आताच्या कर्नाटकात घातला, तेव्हापासून आम्ही हेच सोसतोय आणि आपलेच लोक आपल्या शाळा रिकाम्या करायलेत!

चिक्कोडीवाला
आला सीमाप्रश्न! भावा, पोरांना कन्नड यायलाच पाहिजे, कामं सगळी इथल्या ऑफिसात. २०१५ चा कायदा आहे, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा. माझं कन्नड कच्चं राहिलं म्हणून मी तहसीलला दुसऱ्याकडनं अर्ज लिहून घेतो, लाज वाटते.

शहापूरचा
कन्नड नको असं म्हटलंच नाही मी, शब्द तोंडात घालू नका. तुमच्या तालुक्यात मराठी शाळेला कन्नडचा चांगला शिक्षक मिळतो काय ते आधी सांगा.

चिक्कोडीवाला
नाही मिळत. हे मान्य. तेवढंच.

वडगावची ताई
माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी पोरं पण आहेत. गणितात हिशोब येतो पण प्रश्न वाचून काय विचारलंय ते कळत नाही. मी आधी दुकानातला प्रसंग करून दाखवायला लावते, मग लिहायला. तुमचं भांडण चालू असताना ही पोरं तिथंच अडकलेली असतात.

निपाणीकर
ठीक, काड्यांचं मानतो. ताईंचं पण मानतो, मानधनाचं मला माहीत नव्हतं. पण व्हरांड्यातल्या सरांना कधी कुणी काय विचारलं नाही, त्याचं काय? आमची वर्षं गेली.

खानापूरचा मास्तर
त्यांची बाजू मी घेणार नाही. पण एसडीएमसीत, म्हंजे शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीत, पालकच बहुमतात असतात. आमच्याकडच्या मीटिंगला येतात, बिस्किट, चहा, सही, चालले. रंग कधी मारणार विचारतात, अक्षर दासोहचा, म्हंजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, भात बघतात. माझ्या पोराचं या महिन्यात कुठं अडलं, हे आजवर एका आईनं विचारलं. मला वही काढून दाखवायला लागली.

निपाणीकर
माझा पुतण्या तिसरीत आहे, सरकारी मराठी शाळेतच. पुढच्या मीटिंगला वहिनीबरोबर मी जातो. उत्तर नाही मिळालं तर इथंच लिहिणार.